‘आयपॅडमध्ये फाइल ठेवता येत नाही, म्हणूनच अँड्रॉइड पुढे’: व्हॉट्सॲपवरच्या एका मजकुराचा प्रतिवाद

दहावीचा निकाल लागला की पालकांच्या ग्रुपवर ‘टॅब कोणता घ्यावा?’ हा प्रश्न येतोच, आणि त्यामागोमाग एक ठरलेला मजकूर येतो. शब्द इकडेतिकडे होतात, गाभा तोच राहतो: “आयपॅड म्हणजे मोठ्या पडद्याचा आयफोन. त्यात फोल्डर नाही, पेनड्राइव्ह लागत नाही, झिप उघडत नाही, मराठी फाइल दिसत नाही, सगळं आयट्यून्समधून करावं लागतं. अँड्रॉइड टॅब म्हणजे हातातला कॉम्प्युटर, हवं ते हवं तिथे ठेवा. म्हणूनच जगात दहातले आठ टॅब अँड्रॉइडचे विकले जातात.”

या चार ओळींच्या भरवशावर घरातले पंधरा-वीस हजार, कधी चाळीस हजार रुपये खर्च होतात. नातेवाइकांचे आणि शेजारच्या मुलांचे टॅब लावून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो. ‘यात माझी फाइल कुठे गेली?’ हा प्रश्न दोन्ही प्रकारचे टॅब घेतलेली मुलं सारख्याच काकुळतीने विचारतात. म्हणून या मजकुराला नीट उत्तर द्यावंसं वाटलं. अँड्रॉइड टॅब घेऊ नका असं मी म्हणत नाही. बहुतेक घरांना तोच परवडतो आणि तो पुरतोही. पण मजकुरातल्या बऱ्याच गोष्टी दहा-बारा वर्षांपूर्वीच्या आहेत, काही तेव्हाही खऱ्या नव्हत्या, आणि सगळ्यात मोठी चूक शेवटच्या ‘म्हणूनच’मध्ये आहे.

“आयपॅडमध्ये फोल्डर नाही, फाइल ठेवता येत नाही”

एकेकाळी हे खरं होतं. स्टीव्ह जॉब्स यांनी २७ जानेवारी २०१० रोजी आयपॅड दाखवला तेव्हा त्यात फाइल मॅनेजर नव्हता. प्रत्येक ॲपच्या फाइली त्या ॲपच्या कुंपणात राहायच्या. ईमेलमधली पीडीएफ वाचनाच्या ॲपमध्ये उघडली की तिची दुसरी प्रत व्हायची. तिच्यावर खुणा केल्या की खुणांची एक प्रत आणि कोरी एक प्रत, आणि चार दिवसांनी दोन्हींचं नाव तेच. कॉम्प्युटरवरून फाइल न्यायची तर केबल लावा, आयट्यून्स हा ॲपलचा कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम उघडा, यादीतून ॲप निवडा, मग फाइल टाका. त्या काळात ज्यांनी वैतागून आयपॅड नाकारला त्यांचं चुकलं नव्हतं.

पण ती गोष्ट तिथेच थांबली नाही. २०१४ मध्ये आयक्लाउड ड्राइव्ह ही ॲपलची इंटरनेटवर फाइली ठेवायची जागा आली आणि एका ॲपची फाइल दुसऱ्या ॲपला प्रत न काढता उघडता येऊ लागली. सप्टेंबर २०१७ मध्ये आयओएस ११ बरोबर ‘फाइल्स’ नावाचं ॲपच आलं. दोन वर्षांनी, सप्टेंबर २०१९ मध्ये, आयपॅडची प्रणाली आयफोनपासून वेगळी झाली, तिला आयपॅडओएस हे नाव मिळालं, आणि ‘ऑन माय आयपॅड’ या जागेत स्वतःचे फोल्डर करता येऊ लागले. २०२२ मध्ये फाइलच्या नावापुढचं एक्स्टेन्शन (‘.pdf’सारखं) आणि फोल्डरचा आकार दिसू लागला. २०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये खिडक्या हव्या तशा लहान-मोठ्या करता येतात, खालच्या पट्टीत फोल्डर ठेवता येतो, आणि कुठल्या प्रकारची फाइल कुठल्या ॲपमध्ये उघडायची हे ठरवता येतं. ही शेवटची सोय अँड्रॉइडवर सुरुवातीपासून होती. आयपॅडला तिथे पोचायला पंधरा वर्षं लागली आणि त्याबद्दल ॲपलवर टीका व्हायलाच हवी. मात्र ‘उशिरा आलं’ आणि ‘नाहीच’ ही दोन वेगळी विधानं आहेत.

एक मर्यादा आजही शिल्लक आहे. फाइल्स ॲपमध्ये एखाद्या ॲपचा फोल्डर दिसेल की नाही हे ते ॲप बनवणाऱ्याच्या हातात असतं. क्लासच्या ॲपने आपले व्हिडिओ आत कोंडून ठेवायचं ठरवलं तर ते फाइल्समध्ये दिसणार नाहीत. हे पाहून लोक म्हणतात, “बघा, आयपॅडमध्ये फाइल दिसत नाही.” तेच ॲप अँड्रॉइडवर लावून बघा. तिथेही ते व्हिडिओ गॅलरीत सापडत नाहीत, कारण ॲपवाल्याला ते बाहेर जाऊच द्यायचे नसतात.

“पेनड्राइव्ह लागत नाही”

२०१९ पासून लागतो. त्याआधीही कॅमेऱ्याचं ॲडॅप्टर मिळायचं, पण त्यातून फक्त फोटो आणि व्हिडिओ आत घेता यायचे. हा मुद्दा अजून लोकांच्या डोक्यात पक्का बसलेला आहे, त्यामुळे प्रत्यक्ष काय होतं ते पाहू.

ई-बालभारतीवरून उतरवलेली अकरावीची पुस्तकं पेनड्राइव्हवर आहेत असं समजा. सी-टाइप पोर्टच्या आयपॅडला पेनड्राइव्ह लावला की पडद्यावर काहीच होत नाही. सूचना येत नाही, खिडकी उघडत नाही. इथेच बरीच मंडळी ‘चालत नाही’ म्हणून पेनड्राइव्ह काढून घेतात. फाइल्स ॲप उघडून ‘ब्राउझ’ दाबलं की डाव्या बाजूच्या यादीत पेनड्राइव्हचं नाव आलेलं असतं. त्यावर टिचकी मारली की आतले फोल्डर दिसतात. पुस्तकांचा फोल्डर दाबून धरायचा, कॉपी करायचा, ‘ऑन माय आयपॅड’मध्ये जाऊन पेस्ट करायचा. वर एक छोटं वर्तुळ भरत जातं. २०२१ आधी तेही नव्हतं, किती कॉपी झालं याचा अंदाजच लागायचा नाही. वर्तुळ पूर्ण भरलं की मगच पेनड्राइव्ह ओढायचा.

अँड्रॉइडवर पेनड्राइव्ह लावला की वरून सूचना उतरते, तिच्यावर टिचकी मारली की फाइल मॅनेजर उघडतो, आणि काढण्याआधी ‘इजेक्ट’ करता येतं. हे नक्कीच अधिक सरळ आहे.

अडचण खरी असते ती पेनड्राइव्हच्या फॉरमॅटची, म्हणजे त्यावर फाइली कुठल्या पद्धतीने मांडल्या आहेत त्याची, आणि ती दोघांनाही असते. विंडोजवर एनटीएफएसने फॉरमॅट केलेला ड्राइव्ह आयपॅड २०२१ पासून वाचतो, पण त्यावर लिहू शकत नाही. अनेक अँड्रॉइड टॅब तो ड्राइव्ह ओळखतच नाहीत आणि ‘फॉरमॅट करा’ म्हणतात. घाईत ते बटण दाबलं गेलं तर ड्राइव्हवरचं सगळं जातं. जुन्या फॅट३२ या फॉरमॅटमध्ये चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, त्यामुळे लेक्चरचं मोठं रेकॉर्डिंग अडकतं. दोन्हीकडे चालण्याची सगळ्यात जास्त शक्यता एक्सफॅट या फॉरमॅटची. मायक्रोसॉफ्टने त्याचा आराखडा २०१९ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला, पण त्याआधीच्या स्वस्त अँड्रॉइड टॅबांवर तोही चालेल याची खात्री नाही.

आयपॅड घेताना पोर्ट मात्र बघून घ्या. प्रो मॉडेलला सी-टाइप २०१८ मध्ये आलं, साध्या आयपॅडला २०२२ मध्ये. नवव्या पिढीचा साधा आयपॅड जुन्या लाइटनिंग पोर्टचा आहे आणि सेकंडहँड बाजारात तो अजून सर्रास मिळतो. त्याला पेनड्राइव्ह लावायचा तर ॲपलचं ॲडॅप्टर लागतं, आणि बऱ्याच ड्राइव्हसाठी त्या ॲडॅप्टरला शेजारून चार्जरही जोडावा लागतो. स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला आयपॅड इथे महाग पडतो.

मेमरी कार्डाबद्दल मजकूर काही म्हणत नाही, पण चर्चेत ते निघतंच. आयपॅडला कार्डाची खाच कधीच नव्हती. घरातलं जुनं कार्ड वापरायचं असेल तर आयपॅड बाद, यात वाद नाही. पण ‘अँड्रॉइड म्हणजे कार्ड लागणारच’ हेही खरं नाही. गूगलच्या नावाने आलेल्या २०१२ च्या नेक्सस ७ ला कार्ड लागत नव्हतं, २०२३ च्या पिक्सेल टॅबलेटलाही लागत नाही. शाओमी पॅड ६ आणि पहिला वनप्लस पॅड यांनाही खाच नाही. कार्ड हवं असेल तर त्या मॉडेलच्या खोक्यावर वाचून घ्यायचं, फक्त ‘अँड्रॉइड’ या शब्दावर विसंबायचं नाही.

“अँड्रॉइडवर हवं ते हवं तिथे ठेवा”

मजकुरातला हा सगळ्यात लाडका भाग, आणि सगळ्यात जुना झालेला. सुरुवातीच्या अँड्रॉइडवर खरोखरच तसं होतं. एकदा ‘स्टोरेज’ची परवानगी दिली की ते ॲप तुमचे फोटो, डाउनलोड, दुसऱ्या ॲपचे फोल्डर सगळं वाचू शकायचं. सोय मोठी होती. पण टॉर्चच्या ॲपलाही आधार कार्डाचा स्कॅन वाचता यायचा, ही त्या सोयीची दुसरी बाजू होती आणि ती बहुतेकांना ठाऊकच नव्हती.

गूगलने हे दार हळूहळू ओढून घेतलं. २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ मध्ये मेमरी कार्डावर वाटेल तिथे लिहिण्याची ॲपची मुभा गेली. पुढच्या वर्षी, वापरणाऱ्याने स्वतः फोल्डर निवडून दिला तरच त्यात लिहिता येईल अशी सोय आली. २०१९ च्या अँड्रॉइड १० ने प्रत्येक ॲपला त्याच्या जागेपुरतं बांधायला सुरुवात केली आणि २०२० च्या अँड्रॉइड ११ ने ते सक्तीचं केलं. ‘अँड्रॉइड’ फोल्डरच्या आतला ‘डेटा’ फोल्डर साध्या फाइल मॅनेजरला उघडेनासा झाला. व्हॉट्सॲपचा फोल्डर आधी स्टोरेज उघडल्याबरोबर समोर दिसायचा, तो ‘अँड्रॉइड’, मग ‘मीडिया’, मग व्हॉट्सॲपच्या लांबलचक नावाचा फोल्डर, अशा तीन पायऱ्या खाली गेला. ‘माझ्या नोट्स व्हॉट्सॲपवर आल्या होत्या, आता फोल्डरच नाही’ ही तक्रार तेव्हापासूनची. आणि २०२१ पासून प्ले स्टोअरवरच्या ॲपना सगळ्या फाइली बघायची परवानगी मागायची तर फाइल मॅनेजर, अँटिव्हायरस, बॅकअप अशा कामांसाठी ती का लागते हे गूगलला पटवून द्यावं लागतं.

याचा रोजच्या वापरात काय परिणाम होतो? मुलगी क्रोममधून प्रश्नपत्रिकेची पीडीएफ उतरवते. ती ‘डाउनलोड’ फोल्डरमध्ये असते, फाइल मॅनेजरमध्ये दिसतेही. मग ती नोट्स काढायचं ॲप उघडते आणि तिथली यादी रिकामी. फाइल हरवलेली नाही, ॲपला ती आपणहून दिसत नाही एवढंच. ॲपमधलं ‘ओपन’ किंवा अधिकचं चिन्ह दाबायचं, प्रणालीची खिडकी उघडते, त्यातून ‘डाउनलोड’मध्ये जाऊन फाइल निवडायची. आता हेच आयपॅडवर करा. सफारी या आयपॅडच्या ब्राउझरमधून पीडीएफ उतरवा, नोट्सचं ॲप उघडा, यादी रिकामी, अधिकचं चिन्ह, प्रणालीची खिडकी, ‘डाउनलोड्स’, फाइल. टिचक्यांची संख्यासुद्धा जवळपास तीच. आयपॅड बंद दारातून उघडत आला, अँड्रॉइड उघड्या दारातून आवरत आला, आणि साधारण २०२० पासून दोघं एकाच ठिकाणी उभे आहेत. कोणत्या ॲपने कोणती फाइल बघावी हे फाइलच्या मालकाने निवडून द्यायचं, हे तत्त्व मला दोन्हीकडे योग्य वाटतं. मजकूर मात्र २०१२ चा आयपॅड आणि २०१२ चा अँड्रॉइड समोरासमोर ठेवून २०२० नंतरचा टॅब विकत घ्यायला सांगतो.

आयपॅडवर इथे एक खाचखळगा आहे. सफारीची डाउनलोड केलेली फाइल मुळात आयक्लाउडवर जाते, आणि आयक्लाउडची फुकट जागा फक्त ५ जीबी. फोटो आणि बॅकअप यांनीच ती भरते, मग टॅबमध्ये भरपूर जागा असूनही ‘स्टोरेज भरलं’ असा निरोप येतो आणि महिन्याच्या वर्गणीचा आग्रह सुरू होतो. सफारीच्या सेटिंगमध्ये ‘डाउनलोड्स’ शोधून तिथे ‘ऑन माय आयपॅड’ निवडलं की हा त्रास थांबतो. नवीन आयपॅड हातात आल्यावर मी हे पहिल्यांदा करतो.

अँड्रॉइड जिथे खरोखर पुढे आहे त्या गोष्टींचा या मजकुरात पत्ताच नाही. विंडोजच्या कॉम्प्युटरला केबलने जोडल्यावर अँड्रॉइड टॅबचे फोल्डर सरळ दिसतात आणि त्यात फाइली टाकता येतात. आयपॅड जोडला तर विंडोजला फक्त फोटो-व्हिडिओ दिसतात, बाकीच्यासाठी ॲपलचा वेगळा प्रोग्रॅम लागतो. ज्या घरात विंडोजचा कॉम्प्युटर आहे आणि इंटरनेट बेताचं आहे, तिथे एवढ्या एका कारणासाठी अँड्रॉइड घेणं शहाणपणाचं ठरेल. दुसरी गोष्ट, एका टॅबवर दोन भावंडं असतील तर २०१२ च्या अँड्रॉइड ४.२ पासून टॅबवर वेगवेगळे वापरकर्ते करता येतात. ताईच्या फाइली वेगळ्या, दादाच्या वेगळ्या. काही कंपन्या ही सोय काढून टाकतात, म्हणून दुकानातच सेटिंगमध्ये बघून घ्यावं. घरगुती आयपॅडवर ही सोय आजही नाही. ॲपलने ती फक्त शाळा आणि संस्थांसाठी ठेवली आहे, आणि घरांना ती का देत नाही याचं पटेल असं कारण मला दिसत नाही.

“झिप उघडत नाही, सगळं आयट्यून्समधून”

झिप फाइल, म्हणजे अनेक फाइली दाबून बांधलेली एक फाइल, २०१९ पासून फाइल्स ॲपमध्ये एका टिचकीने उघडते, आणि फोल्डर दाबून धरला की त्याची झिपही करता येते. तशाच दुसऱ्या प्रकारच्या आरएआर फाइलसाठी वेगळं ॲप लागतं. आयट्यून्स ॲपलच्या मॅक कॉम्प्युटरवरूनच २०१९ मध्ये गेलं. आज आयपॅड सुरू करायला, ॲप टाकायला, फाइल आणायला कॉम्प्युटर लागतच नाही. एका वायफायवर असलेल्या विंडोजच्या शेअर केलेल्या फोल्डरलाही फाइल्स ॲपमधून जोडता येतं.

“मराठी फाइल दिसत नाही”

हा आरोप आपल्याकडचा खास, आणि त्यामागचा अनुभव अस्सल आहे. शाळेतून किंवा छापखान्यातून आलेली वर्डची फाइल टॅबवर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. माणूस म्हणतो, टॅब मराठी दाखवत नाही.

पण ती फाइल श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. श्रीलिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची, आणि महाराष्ट्रातल्या छपाईने तिच्यावर अनेक वर्षं काढली. या पद्धतीत फाइलमध्ये साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच. फॉन्ट फक्त त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. फॉन्ट नसला की मूळ अक्षरं उघडी पडतात. हे आयपॅडवर होतं, अँड्रॉइडवर होतं, आणि फॉन्ट नसलेल्या विंडोजवरही होतं. युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे ठरलेले संकेत असलेल्या पद्धतीत, टाइप केलेलं मराठी दोन्ही टॅबांवर व्यवस्थित दिसतं, फाइलचं नाव देवनागरीत असलं तरी.

फरकच शोधायचा तर तो उलट्या बाजूचा आहे. आयपॅडवर २०१९ पासून ॲपमधून नवे फॉन्ट टाकता येतात आणि ते इतर ॲपमध्ये वापरता येतात. अँड्रॉइडवर सगळ्या ॲपना मिळेल असा फॉन्ट टाकायची सरसकट सोय नाही, ज्या त्या ॲपवर अवलंबून राहावं लागतं. तरीही टॅबवर जुने फॉन्ट चढवत बसू नका. ज्या कॉम्प्युटरवर फाइल नीट दिसते तिथून तिची पीडीएफ करून मागवा. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत येतो, त्यामुळे ती कुठेही वाचता येते. मात्र तिच्यात मराठी शब्द शोधता येणार नाही. त्यासाठी मजकूर युनिकोडमध्ये बदलावा लागेल, आणि ते काम ज्याने फाइल बनवली त्याच्याकडूनच करून घेतलेलं बरं.

“दहातले आठ टॅब अँड्रॉइडचे”

आयडीसी या बाजारपाहणी संस्थेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभरात सुमारे १२.८ कोटी टॅब कंपन्यांकडून बाजारात गेले, त्यात ॲपलचा वाटा साधारण ३८ टक्के. उरलेल्या ६२ मध्ये विंडोजचे टॅबही आले. म्हणजे अँड्रॉइड दहातले सहाच्या आसपास. गार्टनर या दुसऱ्या संस्थेच्या मोजणीत २०१२ मध्ये आयपॅड ५३ टक्के आणि अँड्रॉइड ४६ टक्के होतं. २०१३ मध्ये अँड्रॉइडने मुसंडी मारली आणि १९.५ कोटींपैकी ६२ टक्के टॅब त्याचे झाले, आयपॅड ३६ वर आला. या आकड्यांत अँड्रॉइड स्पष्ट पुढे आहे. आठ मात्र कुठेच नाही.

या आकड्यांकडे बघताना दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. ॲपल ही एक कंपनी आहे आणि अँड्रॉइड ही अनेक कंपन्यांची मिळून बेरीज आहे. त्यामुळे ‘सगळ्यात जास्त टॅब ॲपलचे विकले जातात’ आणि ‘सगळ्यात जास्त टॅब अँड्रॉइडचे आहेत’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असतात, आणि दोन्ही बाजूंचे लोक आपापलं वाक्य तेवढं पुढे पाठवतात. त्या बेरजेत ॲमेझॉनचे फायर टॅब धरले जातात, त्यांत गूगलचं प्ले स्टोअरच नसतं. ॲपलने २०१८ च्या अखेरीपासून आयपॅडची संख्या सांगणं बंद केलं, फक्त विक्रीची रक्कम जाहीर होते, त्यामुळे तेव्हापासूनचे सगळे आकडे बाहेरच्यांचे अंदाज आहेत. वेबसाइटवरच्या भेटींवरून काढलेले आकडे तर आणखी जपून वाचायला हवेत. २०१९ पासून बहुतेक आयपॅडवरची सफारी वेबसाइटला स्वतःची ओळख ‘मॅक’ अशी करून देते, म्हणून मोजणाऱ्याने काळजी घेतली नाही तर आयपॅडची भेट कॉम्प्युटरच्या खात्यात जमा होते.

भारतापुरतं बोलायचं तर अँड्रॉइडची आघाडी मोठी आहे. कारण पुढच्या मुद्द्यात येतं.

“म्हणूनच”

फाइली हाताळायला सोपा म्हणून टॅब खपतो, हे खरं असतं तर टॅबच्या बाजारावर विंडोजचं राज्य असतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टचा सरफेस आरटी आला. त्याला पूर्ण आकाराचा यूएसबी पोर्ट होता, मेमरी कार्डाची खाच होती, आणि कॉम्प्युटरवरचा फाइल एक्स्प्लोरर जसाच्या तसा होता. मजकुरात अँड्रॉइडचं जे कौतुक आहे ते शब्दशः या टॅबला लागू पडतं. जुलै २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टला पडून राहिलेल्या सरफेस आरटीपोटी ९० कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवावा लागला. त्या वर्षी टॅबच्या बाजारात विंडोजचा वाटा होता दोन टक्के. उलट ज्या आयपॅडमध्ये फाइल मॅनेजरच नव्हता, तो २०१० च्या नऊ महिन्यांत सुमारे दीड कोटी विकला गेला. फाइलींच्या बाबतीत आयपॅड सगळ्यात अडचणीचा होता तीच त्याच्या भरभराटीची वर्षं, आणि फाइल्स ॲप आलं तोवर त्याची विक्री शिखरावरून बरीच खाली उतरली होती.

किमतीने काय होतं ते एचपीच्या टचपॅडने दाखवून दिलं. जुलै २०११ मध्ये ५०० डॉलरला आलेला हा टॅब कोणी विचारेना, सात आठवड्यांत कंपनीने तो बंद केला आणि उरलेला माल ९९ डॉलरपासून काढला. तोच टॅब हातोहात संपला. त्याच वर्षी ‘टॅबसाठीचं पहिलं अँड्रॉइड’ म्हणून गाजावाजा झालेला मोटोरोलाचा झूम मेमरी कार्डाची खाच घेऊन आला, पण विक्री सुरू झाली तेव्हा ती खाच चालूच नव्हती. किंमत होती ८०० डॉलर, आणि तोही खपला नाही. अँड्रॉइड टॅब घराघरात पोचले ते २०० डॉलरचा नेक्सस ७ आणि त्याहून स्वस्त टॅब आल्यावर.

आपल्याकडेही हीच कथा आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तेव्हाचे मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी ‘आकाश’ टॅब आणला, पुढे त्या प्रकल्पाचं काम आयआयटी मुंबईकडे आलं. त्यात अँड्रॉइड निवडलं गेलं कारण ते फुकट होतं आणि कोणत्याही कारखानदाराला वापरता येत होतं. ॲपल आपली प्रणाली दुसऱ्याला देत नाही, म्हणजे अडीच-तीन हजारांचा आयपॅड होणं शक्यच नव्हतं. हरियाणा सरकारने २०२२ मध्ये दहावी ते बारावीच्या मुलांना सुमारे पाच लाख टॅब द्यायला घेतले. नागपूरची महाज्योती संस्था जेईई, नीट आणि सीईटीची तयारी करणाऱ्या मुलांना टॅब आणि इंटरनेट देते. अशी सरकारी खरेदी निविदेतून होते आणि निविदेत भाव बोलतो. साध्या आयपॅडची २०२५ ची किंमत ३४,९०० रुपये, बरा अँड्रॉइड टॅब बारा-पंधरा हजारांत मिळतो. भारतात अँड्रॉइड पुढे असण्याचं एवढंच कारण पुरेसं आहे, आणि त्यात कमीपणा काहीही नाही. ज्या मुलाला एरवी टॅबच मिळाला नसता त्याच्या हातात अँड्रॉइडमुळे टॅब आला, ही मोठी गोष्ट आहे. तिला फोल्डरचं खोटं कारण चिकटवायची गरज नाही.

मजकुरात नसलेला मुद्दा

फाइल कायमची जाण्याचे जे प्रसंग मी पाहिले, त्यांत पेनड्राइव्ह क्वचितच होता. बहुतेक वेळा घडलं ते असं: जागा भरली म्हणून मुलाने नोट्सचं ॲप काढून टाकलं, पुन्हा टाकलं, आणि वर्षभराच्या हस्तलिखित नोट्स गेल्या. ॲपच्या स्वतःच्या फोल्डरमधली फाइल ॲपबरोबरच जाते. हे आयपॅडवर होतं आणि अँड्रॉइडवरही होतं. आयपॅडवर ‘डिलीट’ऐवजी ‘ऑफलोड’ निवडलं तर ॲप जातं आणि त्याच्या फाइली राहतात, पण ती निवड सेटिंगच्या आत दडलेली आहे आणि मुलं होम स्क्रीनवरूनच ॲप उडवतात. शिवाय आयक्लाउड ड्राइव्हमधून डिलीट केलेली फाइल घरातल्या त्याच खात्याच्या आयफोनवरून आणि मॅकवरूनही जाते. ती ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये ३० दिवस मिळते, नंतर नाही.

म्हणून टॅब कोणताही घ्या, पहिल्याच दिवशी मुलाच्या नावाचा एक फोल्डर ॲपच्या बाहेर करा, आयपॅडवर ‘ऑन माय आयपॅड’मध्ये आणि अँड्रॉइडवर ‘डॉक्युमेंट्स’मध्ये. नोट्सच्या ॲपमधून आठवड्याला एकदा पीडीएफ काढून तिथे टाकायची, आणि महिन्यातून एकदा तो फोल्डर एक्सफॅट केलेल्या पेनड्राइव्हवर उतरवायचा. दुकानात टॅब बघायला जाताना तोच पेनड्राइव्ह खिशात ठेवा आणि पैसे देण्याआधी एक फाइल आत आणि एक बाहेर कॉपी करून दाखवायला सांगा.